रेडिओवर आलेलं नाव

'देशोदेशी' नावाचं मासिक सांगलीतून निघायचं. त्यात ऊस-हळदीच्या भावांऐवजी व्हिएतनाम, काँगो, बर्लिनची भिंत असले विषय असायचे. पाहुणेरावळे हे ऐकून संपादकाच्या बायकोकडे, शरयूकडे, बघत हसायचे. कचेरी म्हणजे एका हळदीच्या व्यापाऱ्याच्या दुकानावरच्या दोन खोल्या. खाली पोती झटकली की वर पिवळी धूळ यायची. टेबलावर, प्रुफांवर, शरयूच्या केसांत, सगळीकडे बसायची. अंक घरी पोचला की पाकीट फोडायच्या आधी वासानेच कळतं, असं वर्गणीदार म्हणायचे.

शरयूचा नवरा हरी ताम्हनकर हा मासिकाचा संपादक. मूळचा साताऱ्याचा, सांगलीच्या कॉलेजात राज्यशास्त्र शिकवायचा. चीनशी लढाई झाली त्या हिवाळ्यात औंधला त्याचं व्याख्यान होतं. यमाईच्या दर्शनाला आलेली बरीच मंडळीही ऐकायला थांबली होती. हरी तासभर बोलला, तिबेट काय, मॅकमहोन रेषा काय, सगळं सांगून झालं आणि त्याने शंका विचारायला सांगितल्या. मागून एक उंच, पिळदार मिशांचा माणूस उठला. कुंडलचा गुंडा सावंत, फौजेतून हवालदार होऊन परत आलेला.

"सर," तो म्हणाला, "आमी मिसरात लढलो, इटलीत लढलो. माज्या शेजारचा गडी थितंच ऱ्हायला. पर ती लढाई कशापायी हुती, त्ये आजपातूर कुणी सांगितलं न्हाई. आता पोरगं फौजंत जायाचं म्हंतंय. त्येला तरी सांगा कुनीतरी."

हरीला त्या रात्री झोप आली नाही. इथल्या गावागावांतली पोरं कुठल्या कुठल्या वाळवंटात जाऊन मरतात आणि घरच्यांना त्या मुलखाचं नावसुद्धा नीट उच्चारता येत नाही, हे त्याच्या मनाला लागलं. महिनाभरात त्याने मासिक काढायचं ठरवलं. नाव शरयूने सुचवलं. पहिल्या अंकाचा पहिला वर्गणीदार गुंडा हवालदार.

शरयू वाईची. लग्नाआधी मॅट्रिक झालेली, डोक्याने तल्लख. मासिकासाठी ती मिरजेच्या एका मास्तरणीकडे जाऊन उर्दू शिकली. हरी कॉलेजात असला की कचेरीतला मोठा रेडिओ तिच्या ताब्यात. लंडन, मॉस्को, पेकिंग, लाहोर, जे लागेल ते ती ऐकायची आणि टिपणं काढायची. त्या टिपणांवर हरी लेख लिहायचा. अंकात तिचं नाव कधी छापलं गेलं नाही आणि तिला त्याचं काही वाटलंही नाही. संध्याकाळच्या वेळी आख्खं जग त्या पिवळ्या खोलीत येऊन बोलतंय, एवढंच तिला पुरेसं होतं.

गुंडा हवालदाराचा मुलगा मानसिंग शेवटी पलटणीत गेलाच. एकाहत्तरच्या डिसेंबरात पाकिस्तानशी लढाई जुंपली तेव्हा तो छांबच्या आघाडीवर होता. लढाई दोन आठवड्यांत संपली. बांगला देश झाला, सांगलीत पेढे वाटले गेले, हरीने विजयाचा विशेष अंक काढला. त्या अंकाचे गठ्ठे बांधणं चालू असतानाच गुंडा हवालदार जिना चढून वर आला आणि खुर्चीवर बसला.

"तार आली," तो म्हणाला. "मानसिंग बेपत्ता हाय म्हंत्यात. मेला आसंबी न्हाई, हाय आसंबी न्हाई. सर, ह्येचा अर्थ काय वो?"

हरीने त्याला समजावलं. युद्धकैद्यांचे नियम असतात, दोन्ही देशांनी ते मान्य केलेले आहेत, नावं कळायला वेळ लागतो. हवालदार मान हलवत राहिला. उठताना म्हणाला, "सून लहान हाय. दोन वर्सं झाली लगनाला, लेकरू न्हाई. तिचा बाप कडेगावचा. त्यो म्हंतोय, पोरीला घिऊन जातो, दुसरं बघतो. मी काय म्हनू त्येला?"

हरी त्याला जिन्याच्या खालच्या पायरीपर्यंत सोडून आला.

जानेवारीत लाहोर रेडिओवरून संध्याकाळी कैद्यांची नावं सांगायला लागले. शरयू रोज ऐकायची. नाव, बापाचं नाव, गाव, आणि शेवटी 'खैरियत से हैं'. जाट, डोगरे, शीख अशी नावांमागून नावं यायची. संक्रांत होऊन गेली होती. त्या दिवशी आवाज सारखा लांब जात होता, मध्येच शिट्ट्या, मध्येच कुठलं तरी गाणं. शरयू कान लावून बसली होती. खरखरीतून एकदम आलं, 'मानसिंग', मग काहीतरी बुडालं, मग 'गाँव कुंडल', आणि पुन्हा खरखर.

ऐकलं तेवढंच तिने कागदावर उतरवलं. हरी छापखान्यातून परत येईपर्यंत ती जिन्याच्या वरच्या पायरीवर उभीच होती.

"नक्की ऐकलंस?" हरीने विचारलं.

"मानसिंग ऐकलं. कुंडल ऐकलं."

"बापाचं नाव? पलटण?"

"ते खरखरीत गेलं."

हरी खोलीत येरझाऱ्या घालायला लागला. मग थांबला. "कुंडल नावाचं दुसरं गाव कुठं असणार?"

"अहो, पण दोन दिवस थांबू या का? नावं परत सांगतात कधी कधी."

"आणि तोवर तो म्हातारा काय करेल? उद्याच्या पहिल्या गाडीने जाऊ."

शरयू थांबू या म्हणाली खरी, पण तिलाही थांबायचं नव्हतं. इतकी वर्षं तिने जगभरच्या बातम्या टिपल्या होत्या. त्यांतली एकही कुणाच्या दारात नेऊन द्यावी अशी नव्हती. ही होती.

कुंडलला पोचले तेव्हा गुऱ्हाळाचा धूर गावावर पसरला होता. हवालदाराच्या सोप्यात सुनेचा बाप, लालासाहेब, टोपी मांडीवर ठेवून बसला होता. आत अंजना गाठोडं बांधून तयार होती. वीसेक वर्षांची, सावळी, बारीक चणीची पोर. शरयूने तिला पहिल्यांदा पाहिलं ते असं, निघायच्या बेतात.

हरीने सांगितलं. पुरतं सांगून व्हायच्या आत मानसिंगची आई चंद्राबाई शरयूच्या पायांवर कोसळली. "बाई, आवाज कसा हुता त्येचा? बारीक झालाय का?"

"त्याचा आवाज नव्हता हो. नावं सांगणारा वेगळा असतो."

"पर त्यो जवळच आसंल की बसल्याला!" चंद्राबाई म्हणाली.

अंजनाने गाठोड्याची गाठ सोडली, आतली लुगडी एकेक करून परत दांडीवर टाकली आणि चुलीपुढे जाऊन बसली. लालासाहेबाने टोपी डोक्यावर चढवली. "बरं झालं," तो म्हणाला, "देवाला काळजी." पण त्याचा चेहरा उतरला होता. तिकडे एका बिजवराला त्याने जवळजवळ शब्द दिला होता.

फेब्रुवारीच्या अंकात पहिल्या पानावर बातमी आली. 'सांगली जिल्ह्याचा जवान जिवंत.' मासिकाच्या जन्मापासून असा अंक निघाला नव्हता. कडेगावहून, औंधहून, खटावहून माणसं यायला लागली. लष्करी पोशाखातले फोटो पिशवीतून काढून टेबलावर ठेवायची, "आमच्या पोराचंबी बघा की रेडिवात" म्हणायची. हरी प्रत्येकाला बसवायचा, चहा द्यायचा, कैद्यांच्या सुटकेची काय बोलणी चालली आहेत ते सोप्या भाषेत सांगायचा. या मासिकाचं काय चीज होतंय, असं पूर्वी तो कधी कधी उदास होऊन म्हणायचा. आता म्हणायचा नाही.

हरीने दिल्लीला पत्र लिहून मानसिंगची चौकशी केली होती, त्याचं उत्तर पावसाळ्यात आलं. या नावाचा जवान कैद्यांत असल्याची खात्री पटलेली नाही, असं त्यात होतं. हरीने ते कचेरीत जमलेल्यांना मोठ्याने वाचून दाखवलं. गुंडा हवालदार हसला. "सरकारला कवा काय म्हाईत आसतंय? बाईंनी सोताच्या कानानं ऐकलंय."

सगळ्यांनी शरयूकडे पाहिलं. तिने मान डोलावली. त्या एका मान डोलावण्याची आठवण पुढे तिला तांदूळ निवडताना, देवापुढे वात लावताना, कधीही यायची आणि तिचा हात तिथेच थांबायचा.

त्या वर्षी पाऊस पडलाच नाही. डिसेंबर लागता लागता बातमी आली, वाघा सरहद्दीवर कैद्यांची अदलाबदल होणार. हरी आणि गुंडा हवालदार अमृतसरला गेले. हवालदाराने सांगलीहून झेंडूचा हार नेला होता. वाटेत सुकला तर पाणी मारायला म्हणून ओल्या फडक्यात गुंडाळून.

तार वगैरे काही आली नाही. परत यायच्या दिवशी शरयू सकाळीच किर्लोस्करवाडीच्या स्टेशनावर गेली. चंद्राबाई, अंजना आणि निम्मं कुंडल तिच्या आधीच तिथे हजर होतं. कुणी हलगी आणली होती. अंजनाने हिरवं लुगडं नेसलं होतं, हातात आरतीचं ताट. ती शरयूला म्हणाली, "बाई, म्या त्येन्ला वळखीन का वो? दोन वर्सांत चार महिने बगितलंय फकस्त." आणि लाजून हसली. तिला हसताना शरयूने तेवढं एकदाच पाहिलं.

गाडी आली. हलगी वाजायला लागली. हरी उतरला, त्याच्यामागून गुंडा हवालदार उतरला, आणि त्यांच्यामागून कुणीच उतरलं नाही. हलगी वाजवणारा गाडीचे डबे बघत वाजवतच होता. शेवटी हवालदाराने हात वर केला तेव्हा तो थांबला.

"मानसिंग आला," हवालदार म्हणाला. आवाज अगदी साधा होता. "कुंडलचाच मानसिंग. पर त्ये कुंडल राजस्थानात हाय. त्येचं भाऊ आलं हुतं न्यायला. लय चांगली मानसं."

"आन हार?" चंद्राबाईने विचारलं. तिला दुसरं काही सुचलं नसावं.

"त्येच्याच गळ्यात घातला. मानसिंगसाठी नेला हुता नव्हं."

अंजना ताट घेऊन उभीच होती. शरयू पुढे झाली, पण हात लावायचा तिला धीर झाला नाही. गाडी सुटली. लोक कडेकडेने पांगले.

पुढच्या अंकात हरीने चार ओळींचा खुलासा छापला. औंधची, खटावची माणसं येऊन आपापले फोटो घेऊन गेली. कुणी वाईट बोललं नाही. गुंडा हवालदाराने वर्गणीही बंद केली नाही. फक्त तो पूर्वीसारखा जिना चढून वर यायचा थांबला.

यायला लागली ती अंजना. महिन्यातून एकदा, बाजाराच्या दिवशी. पहिल्यांदा आली तेव्हा दाराशी चपला काढून म्हणाली, "राजस्थानात कुंडल हाय, न्हाई आसं न्हाई. पर बाई, आमच्या कुंडलचं नाव न्हाईच आलं, आसंबी कुटं हाय? तवा तुमी अर्धंच ऐकल्यालं."

शरयूला हे खोडून काढता आलं नाही. नावं सांगणं केव्हाच बंद झालं होतं. तरी अंजना रेडिओपुढे मांडी घालून बसायची. लाहोरवरून शेतीचा कार्यक्रम लागायचा, कव्वाली लागायची, कुठल्या तरी मंत्र्याचं भाषण लागायचं. "काय म्हंत्यात?" ती विचारायची. शरयू सांगायची, "कापसावरच्या किडीबद्दल आहे." मग अंजना मान हलवायची, जणू त्या किडीतूनही काही कळेल. सांजच्या गाडीने निघून जायची.

तिकडे बिजवराने दुसरी मुलगी केली. लालासाहेब परत कधी न्यायला आला नाही. "आता कुटं न्यायाची तिला?" असं तो बाजारात कुणाला तरी म्हणाल्याचं शरयूच्या कानावर आलं. आपण त्या दिवशी कुंडलला गेलो नसतो, तर ती पोर गाठोडं घेऊन कडेगावला गेली असती. आज तिच्या कडेवर लेकरू असतं. हे शरयू हरीला एकदाच बोलली. हरी म्हणाला, "मी नेलं तुला. तू थांबू या म्हणाली होतीस." त्याने तिला त्यातून सोडवायला तसं म्हटलं, पण ती काही सुटली नाही.

पंच्याहत्तर साल उजाडलं. तिकडच्या तुरुंगातून सुटून आलेल्या एका माणसाने आत अजून आपले काही जवान आहेत असं सांगितल्याचं हरीला कळलं. पूर्वीचा हरी अशा बातमीवर तुटून पडला असता. आता त्याने सहा महिने चौकशी केली, चार ठिकाणी पडताळून पाहिलं आणि मगच 'न परतलेले' नावाचा लेख लिहिला. शरयूने प्रुफं वाचली. त्यात कुठेही खात्रीची भाषा नव्हती. इतका जपून लिहिलेला लेख त्याने आयुष्यात दुसरा लिहिला नसेल. तोवर आणीबाणी लागली होती. छापायच्या आधी सगळं तपासणीला पाठवावं लागे. लेख परत आला तो पानापानावर तिरक्या रेघा मारून.

शरयूला वाटलं, हरी भडकेल, भांडेल. त्याने पानं व्यवस्थित लावली आणि म्हणाला, "बंद करू या."

"मासिक?"

"हो. पुरे झालं."

तिने त्याच्या तोंडाकडे पाहिलं. त्याला सुटल्यासारखं वाटत होतं. लेख छापता आला नाही याचं दुःख झालेला माणूस तिला सांभाळता आला असता. हा माणूस आतून केव्हाच उठून गेला होता. त्यानंतर हरी कॉलेजात जायचा, शिकवायचा, घरी यायचा आणि कृष्णेच्या काठी जाऊन बसायचा. पेपर वाचायचाही त्याने सोडला. वरच्या दोन खोल्यांत हळदीची पोती ठेवली गेली. रेडिओ घरी आला आणि अंजनाही बाजाराच्या दिवशी घरी यायला लागली.

अठ्ठ्याहत्तरच्या उन्हाळ्यात गुंडा हवालदार आला. काठी टेकत. चंद्राबाईने अंथरूण धरलं होतं.

"बाई," तो म्हणाला, "सात वर्सं हुत आली. भटजी म्हंत्यात, पळसाच्या पानांचा पुतळा करून क्रिया करता येती. म्हातारीचं डोळं मिटायच्या आत करून टाकू म्हंतो. धाकट्या पोराच्या लेकरांचं जावळ थांबलंय, घरात काय शुभ हुईना. पर अंजना आडून बसली. तुमी तिला सांगा. ती तुमचंच ऐकंल."

"मी काय सांगू, हवालदार?"

"तवा त्यो हाय म्हनून तुमीच सांगितलं हुतं. आता न्हाई म्हनूनबी तुमीच सांगा."

यात टोमणा नव्हता. म्हातारा नुसता दमला होता.

शरयू कुंडलला गेली. अंजना परड्यात वैरण तोडत होती. शरयूने तिच्याजवळ बसून सांगितलं, "अंजना, मी चुकीचं ऐकलं होतं. ते नाव तुझ्या माणसाचं नव्हतं. तो लढाईतच गेला."

अंजनाचा विळा थांबला. 

"तुमास्नी कुणी सांगितलं?"

"कुणी नाही."

"मंग ह्ये कशावरनं म्हंता?"

शरयूने तोडलेली वैरण उगाच गोळा केली. तिने खोटं बोलायचं ठरवलं होतं, दिल्लीहून कळलं म्हणून सांगायचं. पण त्या पोरीच्या डोळ्यांपुढे तिला दुसऱ्यांदा बातमी रचता येईना. "मला काहीच माहीत नाही," ती म्हणाली. "तेव्हाही नव्हतं."

अंजनाने वैरणीचा भारा बांधला. "बरं," ती म्हणाली. "मामांना म्हनावं, करा."

औदुंबरच्या घाटावर क्रिया झाली. कृष्णेचं पाणी उन्हाळ्याने पार खाली गेलं होतं. पानांचा पुतळा हातभरच लांब होता, जाळ लगेच विझला. बायका अंजनाच्या बांगड्या फोडायला पुढे आल्या तेव्हा तिने त्यांना थांबवलं. स्वतःच दगडावर मनगट आपटलं, स्वतःच मंगळसूत्र काढलं. रडली नाही. सगळं उरकल्यावर शरयूजवळ आली आणि हळू आवाजात म्हणाली, "बाई, आता बाजाराच्या दिशी म्या कुटं जाऊ?"

शरयू म्हणाली, "माझ्याकडे ये की. कधीही ये."

"कशाला?" अंजनाने विचारलं. खरंच कळत नसल्यासारखं.

ती आली नाही. चंद्राबाई महिन्याभरात गेली. अंजना धाकट्या दिराच्या घरी राहते, रानात राबते, कुणाशी बोलत नाही, एवढं कळायचं. हरीने मुदतीआधीच नोकरी सोडली आणि दोघं साताऱ्याला त्याच्या भावाशेजारी खोली घेऊन राहिले.

पुढच्या वर्षी शरयूने किराणा आणला त्या पुडीच्या कागदावर बातमी होती. जुना पेपर, तेलकट झालेला. एकाहत्तरचे काही बेपत्ता जवान अजून पाकिस्तानच्या तुरुंगात असावेत असं दिल्लीत सांगितलं गेल्याचं त्यात होतं. नावं छापली नव्हती, किंवा ती फाटलेल्या बाजूला गेली होती. तिने कागद हरीपुढे ठेवला. कित्येक वर्षांनी त्याने एखादी बातमी शेवटपर्यंत वाचली.

"त्यात तो असेल?" तिने विचारलं.

"असेलही. नसेलही."

"कुंडलला जाऊन सांगायचं?"

हरीने चष्मा काढला, डोळे पुसले. "तिला काय सांगणार आहेस?"

पुडीतली तूरडाळ शरयूने डब्यात ओतली. खाली दोन-चार दाणे सांडले होते, ते ती वाकून एकेक करून वेचत राहिली. हरी खिडकीशी जाऊन उभा राहिला. कुंडलला ते गेले नाहीत, त्या दिवशीही नाहीत आणि नंतरही कधी नाहीत.